काठोकाठ पाणी

लांजेवार काकांच्या तोंडून 'मेला' हा शब्द मी कधी ऐकला नाही. माणूस 'गेला' असंही ते म्हणत नसत. "आजकाल दिसत नाहीत ते," एवढंच म्हणायचे आणि ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. दिवा विझवायचा नसे, शांत करायचा असे. सापाला लांबडं म्हणायचं. घराबाहेर पडताना 'जातो' म्हणायचं नाही. हे सगळं थोडंफार आमच्याही घरी होतं, पण आम्ही विसरायचो. काका विसरत नसत. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात वेल्डिंग केलं होतं. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ठिणग्यांचे पांढरे ठिपके होते. कारखान्यात कधी अपघात व्हायचे का, असं मी एकदा विचारलं. मी त्यांच्या अंगणात घाण टाकावी तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"असं विचाराचं नाही, पोरी. तोंडातून निघालं की त्याले रस्ता भेटते."

आमचा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, रायपुरात रेल्वे लाइनच्या पलीकडे आहे. आमच्या आणि काकांच्या अंगणामध्ये छातीएवढी भिंत. भिंतीपलीकडे मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड, आणि झाडाखाली रांगेने उभ्या गॅसच्या जुन्या बाटल्या. रिटायर झाल्यावर काका त्यांच्या सिगड्या करायचे. बाटलीचं डोकं कापायचं, पोटाला लहानसं दार, आत लोखंडी सळयांची जाळी, मागून धुराचा पाइप. लाकूड कमी लागायचं आणि धूर बाईच्या तोंडावर न येता वर निघून जायचा. गॅस परत भरून आणणं जमत नाही अशी घरं आमच्याकडे खूप आहेत. त्यामुळे काकांच्या सिगड्यांना पाऱ्यात मागणी होती, आणि अभनपूरच्या बाजारातही त्या जायच्या.

काकूंच्या आजाराचं नाव काकांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. डॉक्टरांनी त्यांना वेगळं बसवून सगळं सांगितलं होतं. घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं, आतड्याला सूज आहे. काकू उन्हाळ्यात गोंदियाला मुलीकडे जायचे बेत करत होत्या. एकदा भिंतीवर हात टेकून त्या माझ्या आईला म्हणाल्या, "ह्यायचं तोंड पाहून मले वाटते, काही मोठं आहे. पण विचारलं की म्हणतात, पंधरा दिवसांत फिरायले लागशील." आईला खरं माहीत होतं. आईसुद्धा म्हणाली, "हो, लागाल ना." मी बाजूला कपडे वाळत घालत होते. काकू गोंदियाला गेल्या नाहीत. त्यांना कुणाला काही सांगायचं होतं का, काही ठेवायचं-द्यायचं होतं का, ते कुणालाच कळलं नाही.

त्यानंतर काकांचा जेवणाचा डबा आमच्याकडून जायचा. शनिवार-रविवारी तो मी न्यायचे. बाकीचे दिवस माझं ऑफिस नवा रायपूरला. काका मराठीत बोलायचे, मी हिंदीत उत्तर द्यायचे. शाळेपासून ती सवय आहे. मराठी बोलताना मला माझाच आवाज परका वाटतो.

"समजते ना तुले मराठी?"

"जी काका."

"मग काहून टीव्हीतल्या बाईसारखी बोलून राहिली?"

मी हसायचे आणि डबा उघडून ठेवायचे. ते जेवेपर्यंत मी मुनग्याखालच्या सिमेंटच्या बाकावर बसायचे. त्यांना गप्पांची गरज नव्हती आणि मला तर नव्हतीच, म्हणून आमचं बरं जमलं होतं.

बाटल्यांच्या बाबतीत ते फार कडक होते. चौकातल्या किराणावाल्या भैयाने एकदा घरचा लाल सिलेंडर स्कूटरवर घालून आणला.

"काका, इसकी सिगड़ी बना दो. बढ़िया मोटा लोहा है."

"ये आपका नहीं है."

"मेरा नहीं तो किसका है? अपने रसोईघर से उठा के लाया हूँ."

"गैस आपका. बाटला कंपनी का. एजेंसी में वापस करो."

"आप तो थानेदार हो गए, काका."

"हव," काका म्हणाले. त्यांनी बोटाच्या पेराने सिलेंडरवर खालून वर टकटक केलं. "और पेट में इसके अभी माल है. धूप में मत घुमाओ. घर ले जाओ."

किराणावाला पुढे कित्येक दिवस त्यांना 'थानेदार साहब' म्हणायचा.

लाल सिलेंडर नाही. वेल्डिंगच्या गॅसची मरून रंगाची बाटलीही नाही. तिच्या आत दगडासारखं काहीतरी भरलेलं असतं आणि ते गॅस धरून बसतं, तिला पाण्यानेही धुता येत नाही. विषारी क्लोरीनची पिवळी तर दारातही येऊ द्यायची नाही. घ्यायच्या त्या फक्त लहान, बेवारशी बाटल्या, ज्यांच्यावर कोणत्या कंपनीचं नाव नाही आणि ज्यांची तोंडावरची गॅसची चावी सडून गेली आहे. अशा बाटल्या पुनाराम आणायचा.

पुनाराम भंगाराचा ठेला चालवायचा. चाळिशीच्या आतला, बारीक अंगाचा, गळ्यात तुळशीची कंठी. तो दारूला शिवत नसे. कंठी घेतलेले लोक शिवत नाहीत. सिलतऱ्याच्या भंगार यार्डांत त्याची ओळख होती. तिथे कारखान्याच्या भट्टीत जाणाऱ्या मालातून बंद बाटल्या निवडून बाजूला काढतात. का काढतात, हे काका मला सांगायला लागले होते. "बंद बाटली भट्टीत गेली की..." इथपर्यंत बोलले आणि थांबले. मग म्हणाले, "नाही जाऊ देत. निवडतात."

बाटली आली की काका ती झाडापासून लांब उघड्यावर न्यायचे. मोठ्या पान्याने पितळी चावी काढायचे आणि तोंड उघडं टाकून तीन दिवस ठेवायचे. चौथ्या दिवशी आंघोळ करून यायचे, बाटलीला हळदीकुंकवाचं बोट लावायचे, हात जोडायचे. मग साबणाच्या पाण्याने भरायचे, ओतायचे, पुन्हा भरायचे. शेवटी काठोकाठ, अगदी तोंडातून पाणी बाहेर सांडेपर्यंत. मग पुन्हा नमस्कार. आणि तशा भरलेल्या बाटलीवरच हाताच्या आरीने पहिला काप घालायचे. कापातून पाण्याची बारीक धार त्यांच्या पायांवर यायची. डोकं सुटून बाजूला पडल्यावरच विजेचा कटर हातात घ्यायचे. सिगडी तयार झाली की पहिला जाळ मोकळ्या जागेत, रंग जळून जाण्यासाठी. त्या जाळावर काही शिजवायचं नाही.

यातलं कोणतं देवासाठी आणि कोणतं बाटलीसाठी, हे पाहणाऱ्याला कळण्यासारखं नव्हतं. सगळं ते एकाच गंभीरपणे, एकही शब्द न बोलता करायचे.

पावसाळा संपत आला तेव्हाचा शनिवार. मी बाकावर होते. काका बाटलीत पाणी भरत होते आणि पुनाराम उकिडवा बसून पाहत होता. त्यालाही सिगड्या करायच्या होत्या. गाडा ओढून त्याचा खांदा गेला होता. काकांनी हरकत घेतली नव्हती, उलट म्हणाले होते, पाहून पाहून शिक.

"पानी काबर भरथव, कका?" पुनारामने त्याच्या छत्तीसगढीत विचारलं. पाणी का भरता.

काका पाणी ओतत राहिले.

"भरना पड़ता है."

"फेर काबर?"

"पूछना नहीं, पुनाराम. काम शुरू करने के टाइम उसका नाम नहीं लेते."

पुनारामने मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली, मला माहीत असेल, असं काहीतरी त्याच्या बघण्यात होतं. मला माहीत होतं. रिकामी दिसणारी बाटली रिकामी नसते. आतल्या पत्र्याला तेलकट थर बसलेला असतो, पत्रा तापला की त्यातून पुन्हा गॅस सुटतो, आणि कटरची एक ठिणगी त्याला पुरते. पाणी भरलं की गॅसला जागाच उरत नाही. शाळेतल्या रसायनशास्त्राएवढीच ही गोष्ट आहे. मी ती मनात हिंदीत जुळवली. मग वाटलं, काका नको म्हणाले त्यावर आपण कशाला बोलायचं. मी मोबाइलमध्ये पाहिलं. पुनारामने विडीचं बंडल खिशात परत ठेवलं आणि उठून गेला.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी लाइनच्या बाजूने आवाज आला. सायडिंगला वॅगन जोडताना असा आवाज येतो, म्हणून आम्ही कुणी बाहेर पडलो नाही. काका मात्र अनवाणी धावत गेले. वॅगनचा आवाज कसा असतो ते त्यांना ठाऊक होतं.

पुनाराम त्याच्या घरामागच्या मोकळ्या जागेत एकटाच होता. मी पाहिलं नाही. पाहिलेल्यांनी जे सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. काका परत आले तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर डाग होते आणि ते नळाखाली पाय धूत राहिले. बराच वेळ. मी भिंतीजवळ उभी होते. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "कुंकू लावलं होतं त्यानं. नारळ फोडला होता. आणि बाजूले लोटा होता पाण्याचा. अर्धा."

मला तिथेच कळलं. पाणी भरणं हाही पूजेचाच भाग, असं पुनाराम समजला होता. देवावर पाणी सोडतात तसं त्याने बाटलीवर थोडं सोडलं, उरलेलं लोट्यात ठेवलं आणि कटर चालू केला. काकांना पाहून जेवढं शिकता येत होतं, तेवढं तो नीट शिकला होता.

पाऱ्यात दुसरीच गोष्ट पसरली. दशगात्राच्या, म्हणजे दहाव्याच्या जेवणात बायका बोलत होत्या, माझी आई ऐकून आली: पुनाराम पिऊन होता. 'दारू पी के काटत रिहिस.' कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं असेल, नंतर सगळेच म्हणायला लागले. कंठीवाला चोरून पितो म्हटलं की ऐकायलाही मजा येते. किराणावाला भैया गिऱ्हाइकांना सांगायचा, "काका तो सालों से बना रहे हैं, कभी कुछ हुआ? पी के बैठोगे तो होगा ही." आणि काका दुकानात उभे असतानाही हे सांगायचा. काका साबणाची वडी घेऊन घरी यायचे.

पुनारामची बायको सुकवारो. तिनेही ते मानलं. आई तिच्याकडे तांदूळ घेऊन गेली तेव्हा सुकवारो कोरड्या डोळ्यांनी म्हणाली होती की माणसाने घर बुडवलं आणि वर तोंडही काळं केलं. भिंतीवरचा त्याचा फोटो तिने उतरवून धान्याच्या कोठीमागे ठेवला. म्हातारी सासू दिवसभर खाटेवर बसून एकच म्हणायची, माझ्या पोराने कंठी तोडली. पुनारामच्या पंथाची माणसं त्या घरी येईनाशी झाली.

हे सगळं काकांच्या कानावर जात होतं. त्यांनी सिगड्या करणं थांबवलं. डबा अर्धा परत यायला लागला. त्यांची मुलगी गोंदियाहून आली, घर बंद करून चला म्हणाली. काका 'पाहू' म्हणाले. झाडाखाली चार बाटल्या उरल्या होत्या. ते रोज सकाळी त्यांच्यात पाणी भरायचे, काठोकाठ, आणि संध्याकाळी ओतून टाकायचे.

पौष महिन्यातल्या एका रविवारी त्यांनी डब्याचं झाकणच उघडलं नाही.

"पोरी, एक गोष्ट विचारू? खरं सांग."

"जी."

"पाणी काहून भरतात, तुले ठाऊक होतं?"

मी बाकाकडे पाहत राहिले. "हो," मी म्हणाले. मराठीत.

"त्या दिवशी? पुनारामने विचारलं तेव्हा?"

"हो."

मला वाटलं आता ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते चप्पल शोधायला लागले.

"काम माझं, मी नाही बोललो. तू काहून बोलशील," ते म्हणाले. "चल माझ्यासंगं. तुले काही बोलाचं नाही. फक्त उभी राह. एकटा गेलो तर मी पुन्हा दारातून वापस येईन. दोनदा आलो."

सुकवारो अंगणात बसून रखियाची बडी घालत होती. कोहळ्याचा कीस आणि उडदाचं पीठ कालवलेली परात, समोर जुन्या लुगड्यावर बड्यांच्या रांगा. खाटेवर सासू. सुकवारोने काकांना पाहून पदर पुढे घेतला आणि हात न थांबवता म्हणाली, "बइठ, कका."

काका बसले नाहीत. त्यांनी घसा खाकरला. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बोलायला लागले, आणि ज्या माणसाने दिवा विझला असंही कधी म्हटलं नव्हतं, तो सरळ बोलला.

"सुकवारो, पुनाराम मरा वो दारू से नहीं मरा. बाटल में गैस बचता है. दिखता नहीं. आग लगी तो फटता है, आदमी मर जाता है. इसलिए मैं पानी भरता हूँ, मुँह तक. उसने मुझसे पूछा था, पानी क्यों. मैंने नहीं बताया. मेरे को बोलने का डर लगता था. उसको लगा पूजा है. उसने थोड़ा सा पानी चढ़ाया. जितना मैंने दिखाया, उतना उसने किया."

सुकवारोचे हात परातीत होते. ते तसेच राहिले.

"त ओ पिए नइ रिहिस?"

"नहीं. मैं सबसे पहले पहुँचा था. उसके पास दारू की बास नहीं थी. कंठी गले में थी."

"तैं ओही दिन ले जानत रेहे?" त्या दिवसापासून तुला माहीत होतं?

"हव."

मी तिच्याकडे पाहू शकले नाही. बड्यांच्या रांगा पाहत होते. मग सुकवारो उठली. तिने हातही धुतले नाहीत. ती खाटेजवळ गेली आणि सासूच्या कानाशी वाकली.

"दाई, सुन. कका का कहत हे, सुन." आणि काकांकडे वळून, "एक घाँव अउ बोल, कका. जोर से."

काकांनी पुन्हा सांगितलं. म्हातारीला कमी ऐकू येत होतं, म्हणून मोठ्याने सांगावं लागलं. पहिल्यापासून, एकेक शब्द. 'मरा' हा शब्द त्यांना दुसऱ्यांदाही म्हणावा लागला. म्हातारी रडली नाही. तिने हात पुढे केला आणि काकांच्या हातावरचे ठिपके चाचपत राहिली, जणू ते कोण आहेत हे तिला त्यावरून ओळखायचं होतं.

मला वाटलं, संपलं. काकांनाही तसंच वाटलं असावं. ते जायला वळले.

"ठहर," सुकवारो म्हणाली. तिने फाटकाची कडी काढली. "चल मोर संग."

ती पुढे आणि काका मागे. पहिलं घर शेजारचंच होतं. तिने दार वाजवलं, घरातली माणसं बाहेर आली, आणि ती बाजूला सरकून उभी राहिली. "इहाँ घलो बोल." इथेही सांग.

काका बोलले. मग पुढचं घर. मग विडी ओढत उन्हात बसलेली माणसं. मग किराणावाल्याचं दुकान. तिथे गिऱ्हाइकं होती. सुकवारोने ती निघून जाऊ दिली नाहीत, हाताने थांबवली. पीठ तिच्या मनगटांवर वाळून पांढरं झालं होतं. प्रत्येक ठिकाणी ती एवढंच म्हणायची, इहाँ घलो. काकांचा आवाज बसत चालला होता, पण ते एकही वाक्य गाळत नव्हते.

मी मागोमाग चालत होते, चार पावलं अंतर ठेवून. दुकानासमोर भैया ऐकून घेत होता आणि तराजूच्या पारड्याशी उगाच चाळा करत होता. शेवटी त्याने विचारलं, "तो काका, आपके सिवा और किसी को मालूम नहीं था, कि पानी काहे के लिए है? पारा भर में एक आदमी ने भी नहीं बताया उसको?"

सुकवारोही काकांकडे पाहायला लागली. तिच्याही मनात तो प्रश्न आलेला दिसला.

"अउ कोन जानत रिहिस?" तिने विचारलं.

काकांनी माझ्या बाजूला पाहिलंसुद्धा नाही.

"कोई नहीं," ते म्हणाले. "मैं अकेला."

सुकवारोने मान हलवली आणि पुढच्या घराकडे निघाली. काका तिच्यामागे गेले. ऊन डोक्यावर आलं होतं, त्यांच्या पायांत चपला होत्या की नव्हत्या आठवत नाही, पाठ वाकली होती. त्या आठवड्यात मुलगी येऊन त्यांना गोंदियाला घेऊन गेली, तेव्हा मी ऑफिसात होते. म्हणून मी त्यांना पाहिलं ते शेवटचं तिथेच. वळणापलीकडच्या दारात त्यांनी पुन्हा सुरुवात केली, "पुनाराम मरा वो दारू से नहीं मरा." मी दुकानासमोर उभी होते. भैया माझ्याकडे पाहत होता.

"क्या चाहिए, दीदी?" त्याने विचारलं.

"कुछ नहीं," मी म्हणाले.